मागे राहिलेला बाण

१

कौस्तुभ दुरुस्ती मन लावून करायचा, पण त्याचा जीव रमायचा तो दुरुस्तीनंतरच्या फेरीत. वसईगावातून पाचूबंदरला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, गिऱ्हाईक आत आलं की मालकाने श्वास आत घ्यावा एवढीशी खोली. मासेमारीच्या बोटींवरचे, हातात धरून वापरायचे जीपीएस सेट तिथे यायचे. कुणाची बटणं खाऱ्या हवेने धरलेली, कुणाच्या स्क्रीनमध्ये पाणी शिरलेलं, आणि बाकीचे नुसतेच सुस्तावलेले. सुस्तावलेल्यांची संख्या मोठी, कारण बोटवाला सेटमधली खूण कधी पुसत नाही. बोंबील कुठे लागतो, तळाशी खडक कुठे आहे, जाळं कुठे फाटतं, अशा आज्याच्या अन् काकाच्या काळापासूनच्या जागा त्या डबीत साठवलेल्या असतात. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, सेट देताना पहिल्यांदा हेच बजावतो की यातलं काही पुसायचं नाही. मग मेमरी गळ्यापर्यंत भरते आणि सेट रांगायला लागतो.

सेट नीट झाला की कौस्तुभ तो हातात धरून धक्क्यापर्यंत चालत जाई आणि परत येई. स्क्रीनवर एक छोटा काळा बाण असतो. आपण जिथे, तिथे तो. बाण आपल्याबरोबर चालला तर सेट बरा झाला असं समजायचं आणि पाठीवर गोल हिरवा कागद चिकटवायचा: 'तपासले', खाली तारीख आणि सही. दुकानं वसईत आणखीही होती, पण बोटवाले याच्याकडे यायचे ते त्या हिरव्या कागदाच्या भरवशावर.

गेल्या नारळी पौर्णिमेच्या आधी मात्र त्याच्या टेबलावर एकवीस सेट जमले होते. बोटी निघायच्या होत्या, तांडेल दारात उभे होते, बाहेर पावसाची रिपरिप थांबत नव्हती. एकवीस फेऱ्या कोण मारणार? कौस्तुभने दुकानाच्या पायरीवर उभं राहून सेट एकेक करून चालू केले, बाण उमटला की बंद केले, आणि एकवीस हिरवे कागद चिकटवून मोकळा झाला.

सप्टेंबरात त्यातल्या एका बोटीवरून शत्रुघ्न नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा पाण्यात पडला. भर दुपारी, चांगल्या उजेडात. सेटवर माणूस पडल्याचं लाल बटण असतं, ते लगेच दाबलं गेलं. लाटांत त्याचं डोकं दिसेनासं झालं होतं, म्हणून बोट वळवून बटणाने दाखवलेल्या जागी चार तास शोधलं. तो सापडला नाही, आणि नंतरही कुठे किनाऱ्याला लागला नाही.

ही बातमी कौस्तुभने ऐकली तेव्हा त्याला आपला हिरवा कागद आठवला होता. त्याने तो विचार तिथेच दाबला. शत्रुघ्नच्या घरी तो गेला नाही. जाऊ जाऊ म्हणता जानेवारी उजाडला, आणि एका शुक्रवारी सकाळी शत्रुघ्नची आई, यमुनामावशी, स्वतःच दुकानात येऊन उभी राहिली. तिने कमरेची पिशवी सोडून सेट टेबलावर ठेवला.

"बोटीवर आता नवीन घेतलाय. हा कोन हातात धरीत नाय," ती म्हणाली. "सदानंद तांडेलानं माज्याकडं दिला. यात माज्या पोराची जागा हाय."

"बसा ना मावशी."

"बसत नाय. अवसेला तांडेल मना बोटीतून तिकडं नेनार हाय. पानी सोडायचं हाय त्याच्या नावानं. मयत मिळाली नाय, निदान जागा तरी बरोबर पायजे. पन हा चालूच होत नाय धड. बान जाग्यावरनं हलत नाय."

"करून ठेवतो. सोमवारी या."

"जागा पुसू नको, भाऊ."

"नाही पुसणार," कौस्तुभ म्हणाला. ती गेल्यावर त्याने सेट उलटा केला. कागदाचा हिरवा रंग उडाला होता, पण सही वाचता येत होती.

२

सेट चालू व्हायला चार मिनिटं लागली. एरवी कौस्तुभने आधी उघडून पाहिला असता, पण या वेळी त्याला फेरी आधी मारायची होती. जी तेव्हा मारली नाही ती.

तो धक्क्यावर पोचला तरी बाण दुकानातच होता. उन्हात बोंबील वाळत होते, बायका बांबूच्या आडव्या काठ्यांवर ते जबड्यात जबडा अडकवून टांगत होत्या. कौस्तुभ एका उलट्या होडीला टेकून उभा राहिला. अकरा मिनिटांनी बाण हलला. दुकानातून निघाला आणि रस्त्याने येऊ लागला. जाळ्यांचा ढीग आडवा पडला होता तिथे कौस्तुभ डावीकडून वळला होता, बाणही डावीकडून वळला. जिथे त्याने ट्रकला वाट दिली होती तिथे बाण कडेला झाला.

बारा वर्षांत त्याने पाच-दहा सेकंद मागे पडणारे सेट पुष्कळ पाहिले होते. एकदा एक मिनिटभर मागे पडणाराही. अकरा मिनिटं ही गोष्ट त्याने ऐकलीही नव्हती. पण त्या वेळी त्याला त्याचं नवल वाटलं नाही, कारण डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता. लाल बटण दाबलं की बाण जिथे असेल तिथे खूण पडते. बाण अकरा मिनिटं मागे होता. अकरा मिनिटांत बोट मैलाहून जास्त पुढे जाते. म्हणजे चार तास त्यांनी पोराला जिथे शोधलं तिथे तो पडलाच नव्हता. तो मैलभर पुढे पाण्यात होता, आणि वळून आपल्यापासून लांब जाणारी बोट पाहत होता.

कौस्तुभ तिथेच खाली बसला. एक बाई बोंबील टांगता टांगता थांबून त्याच्याकडे पाहू लागली, तेव्हा तो उठला.

दुकानात येऊन त्याने जे करायचं ते सगळं केलं. बॅटरी वाचवायची सोय बंद केली. बोट गेली-आली त्या वाटांच्या रेघा सेटमध्ये वर्षानुवर्षं साठल्या होत्या, त्या पुसल्या. खुणांना हात लावला नाही. नकाशाचा बारकावा कमी केला, सॉफ्टवेअर नवीन टाकलं. पुन्हा फेरी मारली. आता बाण सात मिनिटं मागे होता. म्हणजे आजार ओळखीचा होता आणि औषध लागू पडत होतं. त्याला जरा धीर आला.

तिसऱ्या फेरीला बाण चार मिनिटांवर आला, पण वाटेत थांबला. धक्क्याच्या अलीकडे एक अरुंद गल्ली डावीकडे जाते, तिच्या तोंडाशी. कौस्तुभ तिथे थांबला नव्हता, पावलाचा वेगसुद्धा कमी केला नव्हता. बाण तिथे दोन मिनिटं उभा राहिला, मग निघाला आणि भरभर येऊन त्याच्या मागची आपली जागा त्याने पुन्हा घेतली.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. कौस्तुभने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत कोण राहतं?"

"यमुना ऱ्हाते. जिचा पोर गेला ती."

पत्र्याची घरं आहेत, कौस्तुभने स्वतःला समजावलं. पत्र्यावरून सिग्नल परततो आणि बाण भरकटतो. हे तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त भरकटलेला बाण उड्या मारतो, सैरावैरा पळतो. कुणाच्या दारात उभा राहून वाट बघत नाही.

३

रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं. दुपारी बारा वाजता कौस्तुभने सेट चालूच ठेवून पिशवीत टाकला आणि मोटारसायकलने घरी निघाला. नालासोपाऱ्याचं तुळिंज पार करून विरारला चंदनसार, तिथे चौथ्या मजल्यावर त्याचं घर. रविवारची गर्दी धरून पाऊण तास लागला. जेवण झाल्यावर त्याने सेट गॅलरीत कठड्यावर ठेवला आणि पाहिलं. बाण वसईतून नुकता बाहेर पडला होता.

चार मिनिटं मागे असलेला बाण मोटारसायकलवरून आलं तरी घरी चार मिनिटांनीच पोचायला हवा होता. कौस्तुभने खुर्ची ओढली आणि मोबाइलमधलं घड्याळ लावून मोजलं. बाण तासाला साडेचार किलोमीटर सरकत होता. कमी नाही, जास्त नाही. मशीन थकलं तर थांबेल, अडखळेल. हे माणसाचं चालणं होतं.

अडीच वाजता बाण तुळिंजच्या बाजारात होता. साडेतीनला चंदनसारच्या नाक्यावर.

"काय रे, रविवारचं पण तेच?" त्याची बायको संपदा ओले कपडे घेऊन गॅलरीत आली. आठवडाभर ती मुंबईला नोकरी करायची, धुणं रविवारचं. "काय झालंय त्याला?"

"स्लो आहे."

"मग नवीन घ्यायला सांग त्यांना. जुनं किती दिवस उगाळत बसणार?"

पावणेचारला बाण इमारतीच्या फाटकाशी आला आणि थांबला. कौस्तुभने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. फाटक उघडं होतं. वॉचमनची खुर्ची रिकामी होती, तिच्याखाली झोपलेलं कुत्रं उठलं आणि मागच्या बाजूला निघून गेलं. फाटकात कुणीच नव्हतं. वर पाहिलं तर स्क्रीनवर बाण फाटकातून आत येत होता.

"बाबा, मी खाली खेळायला जाते," पिंकी म्हणाली. ती आठ वर्षांची, हातात रॅकेट घेऊन दाराशी चप्पल शोधत होती.

"नको."

"का पण?"

"नको म्हटलं ना."

त्याचा आवाज इतका चढला की संपदाने कपडे खाली ठेवले. पिंकी रडवेली होऊन आत गेली. बाण जिन्याच्या जागेवर आला होता. तिथून पुढे तो फार थोडा हलत होता, एवढ्याशा जागेत वळत होता, पुन्हा वळत होता. नकाशाला मजले नसतात. तो तळाला फिरतोय की जिना चढतोय हे स्क्रीन सांगत नव्हती. कौस्तुभने ती वळणं मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वळणानंतर त्याची हिंमत संपली. त्याने सेट बंद केला, झाकण उघडलं आणि बॅटऱ्या काढून हातात घट्ट धरून बसला.

थोड्या वेळाने संपदा कचरा टाकून वर आली. "जिन्यात कुणीतरी मासळीचं पाणी सांडलंय," ती म्हणाली. "दुसऱ्या मजल्यापर्यंत नुसता वास मारतोय. वॉचमनला सांगायला हवं."

"दुसऱ्याच ना? तिसऱ्यावर नाही?"

"तुला काय झालंय आज?" संपदाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिला सगळं सांगावं असं त्याला फार वाटलं. पण सांगायचं तर सुरुवात हिरव्या कागदापासून करावी लागली असती. तो म्हणाला, "काही नाही. डोकं दुखतंय."

४

सोमवारी सकाळी सात वाजता तो जिना उतरला तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने श्वास रोखून धरला आणि भिंतीला लागून पुढे झाला. खाली येऊन बॅटऱ्या घातल्या. बाण जिन्यातच होता.

आता एकच सुचत होतं. याला घरापासून दूर न्यायचं. सेट जिथे जाईल तिथे तो येतो, तर मग सेट घेऊन निघायचं. कौस्तुभने सेट मोटारसायकलच्या हँडलला बांधला आणि बैलगाडी हाकावी तशी गाडी हाकली. मागची वाहनं शिव्या घालत पुढे जात होती. नाक्यावर त्याने वळून पाहिलं नाही, स्क्रीन पाहिली. येत होता. तुळिंजला एका टपरीवर त्याने चहा घेतला तो निव्वळ थांबायचं म्हणून. आपण फार पुढे गेलो आणि त्याने कंटाळून परत चंदनसारचा रस्ता धरला तर, ही भीती त्याला चहा गिळू देत नव्हती. पिंकीची शाळा बाराला सुटायची. आपण आपल्या मागावर असलेल्याची काळजीने वाट पाहतोय, हे त्याला कळलं तेव्हा त्याने चहाचा पेला तसाच खाली ठेवला.

नऊला त्याने दुकान उघडलं. बाण पोचायला अजून वेळ होता. त्याने सेट समोर ठेवला आणि मेनूची यादी उघडली. तिच्यात शेवटी एक ओळ असते: सर्व पुसा. ती दाबली की सेट कोरा होतो, जणू आजच खोक्यातून निघाला. असला सेट हमखास धावतो. बाणही गेला असता, निदान तशी आशा होती. आणि त्याबरोबर लाल बटणाची खूण, तिच्यावरची वेळ, ती अकरा मिनिटं, सगळं गेलं असतं. कुणी कधी त्याला विचारू शकलं नसतं. यमुनामावशीला सांगायचं, मेमरी करपली, माझा इलाज नव्हता. तिने उलट शब्द काढला नसता. ती त्यातली नव्हती.

सेटने विचारलं, नक्की पुसायचे? कौस्तुभचा अंगठा बटणावर होता. किती वेळ होता त्याचं त्यालाही कळलं नाही. उन्हं पायरीवरून आत सरकली होती. तेवढ्यात दारात सावली पडली आणि त्याने अंगठा उचलला.

"झाला का, भाऊ?" यमुनामावशीने विचारलं.

कौस्तुभ उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं, पण तोंड उघडल्यावर खरं तेच बाहेर आलं. एकवीस सेट, पाऊस, न मारलेली फेरी, हिरवा कागद. बाण मागे होता म्हणून खूण मागे पडली. ते मैलभर अलीकडे शोधत राहिले. "माझ्यामुळे झालं, मावशी," तो म्हणाला. "मी तपासलाच नव्हता."

ती रडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं होतं. ती टेबलाला धरून तशीच उभी राहिली.

"पोवायला चांगला होता तो," ती म्हणाली. "चार तास म्हंजे काय नाय त्याला. बोट दिसत आसंल त्याला तितनं."

"मैलभरावरून दिसली असेल."

"मग तो तिच्या मागं आला आसंल." तिने सेट हातात घेतला. कौस्तुभ अडवायला गेला, पण अडवून सांगणार काय? त्याने घाईघाईने यादी बंद केली आणि स्क्रीनवर नकाशा आला.

"हा बान कोनाचा?"

"आपला. आपण असतो तिथे तो असतो."

"आपुन तर हितं आत हाव. हा तर रस्त्यावर हाय."

यमुनामावशीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे. तिचं पोर गेल्यापासून कुणी तिच्याशी खरं बोललं नव्हतं, आणि समोरच्या माणसाने नुकतंच खरं सांगून टाकलं होतं. त्यामुळे बहुतेक तिला उरलेलं विचारावं लागलं नाही.

"किती लांब हाय?"

"चाळीसेक पावलं."

"थांबलाय का?"

"नाही. येतोय."

तिने सेट पदरात गुंडाळून पोटाशी धरला. "बोट थांबली नाय त्याच्यासाठी," ती म्हणाली. "मी हळू चालते."

"मावशी, तो आता तसा नसेल," कौस्तुभ कसाबसा म्हणाला. "चार महिने झालेत पाण्यात."

"ठाव हाय मना. मासे इकते मी." असं म्हणून ती पायरी उतरली आणि धक्क्याच्या दिशेने चालू लागली.

५

कौस्तुभ टेबलामागे बसून राहिला. त्याने मान खाली घातली आणि टेबलावरच्या एका स्क्रूकडे पाहत राहिला. रस्त्यावर रिक्षा गेली, सायकल गेली. मग दुकानासमोरचा उजेड थोडा कमी झाला आणि तो वास आला. मासळीचा वास त्याला बारा वर्षांच्या सवयीचा होता. हा त्याच्यासारखाच, पण त्याच्या आत दुसरं काहीतरी होतं. पायरीशी सगळं थांबलं. आपण मोठ्याने माफी मागावी असं कौस्तुभला वाटलं, पण त्याने स्क्रूवरची नजर उचलली नाही. मग उजेड पुन्हा पहिल्यासारखा झाला.

त्याचा जीव भांड्यात पडला. सुटलो, असंच त्याच्या मनात आलं. घर सुटलं, पिंकी सुटली. हे आधी आलं आणि ती म्हातारी नंतर आठवली, याची लाज त्याला पुढे कायम वाटत राहिली.

तो दारात आला. यमुनामावशी बरीच पुढे गेली होती, एकेक पाऊल जपून टाकत. समोरून मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई येत होती. रस्ता तिथे अरुंद, एका बाजूला बोंबलाच्या काठ्या. पाटीवाली कडेला झाली, यमुनामावशीला वाट दिली, दोन शब्द बोलली आणि पुढे निघाली. सात-आठ पावलं आली असेल नसेल, पुन्हा कडेला झाली. या वेळी काठ्यांना अगदी टेकून. तिने नाकाला पदर लावला, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि मग दुकानावरून गेली ती जवळजवळ पळतच.

पुढे यमुनामावशी थांबली होती. मागे न बघता तिने उजवा हात मागे केला. लहान पोराला रस्ता ओलांडून न्यायला आई करते तसा. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिचा उजवा खांदा खाली गेला, भरलेली बादली उचलल्यावर जातो तसा, आणि बोटं मिटली.

ती पुन्हा चालू लागली. घराची गल्ली आली. कौस्तुभला वाटलं ती वळेल. ती वळली नाही. गल्ली मागे टाकून ती सरळ धक्क्याकडे निघाली. भरतीची वेळ होती, पाणी वरच्या पायरीपर्यंत आलेलं इथूनही दिसत होतं. आता चाल तिची राहिली नव्हती. हात पुढे ताणलेला होता आणि ती त्याच्या मागून जात होती.

हाक मारायला हवी होती. हाक तिथपर्यंत पोचली असती, रस्ता शांत होता. कौस्तुभने तोंड उघडलं. मग त्याच्या ध्यानात आलं की हाक मारली तर वळून बघणारी ती एकटी नसेल.

त्याने हाक मारली नाही.